आयर्न मेडनचं स्टेज: रंगवलेला पडदा की एलईडीची भिंत?

परळकर

२७ मे २०२५ ला बुडापेस्टमध्ये आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडची 'रन फॉर युअर लाइव्ह्ज' टूर सुरू झाली, तेव्हापासून हा धागा काढायचा होता. ड्रमर निकोने डिसेंबर २०२४ मध्ये साओ पावलोचा शो वाजवून टूरवर जाणं थांबवलं, ड्रमवर सायमन डॉसन आला, सेटलिस्टमध्ये १९९२ पर्यंतचीच गाणी ठेवली, या सगळ्यावर इथे भरपूर बोलून झालं आहे. मला बोलायचं आहे ते स्टेजबद्दल.

इतकी वर्षं ड्रमच्या मागे कापडी पडदा असायचा. गाणं बदललं की पडदा बदलायचा, नवा एडी (बँडचा मॅस्कॉट, प्रेतासारखा राक्षस), नवं आभाळ. आता तिथे एलईडीची भिंत आली आहे आणि गाण्यागणिक त्यावर ॲनिमेशन चालतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो: कापड. मेडनची टूर म्हणजे दरवेळी एक वेगळी जागा असते. १९८४-८५ च्या वर्ल्ड स्लेव्हरी टूरला इजिप्तचं देऊळ होतं, १९८८ ला सगळं स्टेज बर्फाचं, २०१६ ला 'बुक ऑफ सोल्स'साठी माया संस्कृतीचं देऊळ. गायक ब्रूस त्या देवळाच्या वरच्या रॅम्पवरून धावतो, हॅरिस मॉनिटरवर पाय ठेवून बेस रोखतो, आणि ही माणसं त्याच जागेत राहतात असं वाटायला लागतं. मागची भिंत हलायला लागली की जागा मोडते आणि उरतो तो सिनेमा, ज्याच्या पुढे सहा माणसं वाजवत उभी आहेत.

ज्यांनी जी टूर प्रत्यक्ष पाहिली आहे त्यांनी त्या स्टेजबद्दल लिहा. कुठलं गाणं वगळलं यावर इथे नको.


तीनगिटार

मी लेगसी ऑफ द बीस्ट टूर पाहिली, २०१९ च्या उन्हाळ्यात, ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये. माझ्या लेखी याहून मोठं स्टेज त्यांनी कधी केलेलं नाही.

सुरुवातीला चर्चिलचं भाषण, मग 'एसेस हाय', आणि डोक्यावर स्पिटफायर. खरोखरीच्या विमानाएवढं वाटणारी प्रतिकृती, पंखा फिरतोय, विमान एका अंगावर कलतंय, ब्रूस खाली पायलटची टोपी घालून गातोय. मी बाजूच्या स्टँडमध्ये होतो, त्यामुळे विमान धरणाऱ्या तारा मला स्वच्छ दिसत होत्या. तरी ते पुढे झुकलं की माझ्या रांगेतली सगळी डोकी खाली जायची. तारा दिसत असूनही! स्क्रीनवर तेच विमान कितीही झकास काढलं असतं तरी कुणाची मान हलली नसती.

त्या शोचे तीन भाग होते: युद्ध, धर्म, नरक. 'साइन ऑफ द क्रॉस'ला मागे चर्चच्या रंगीत काचा. 'फ्लाइट ऑफ इकारस'ला प्रचंड मोठा इकारस उभा राहतो आणि ब्रूसच्या दोन्ही हातांतून आगीचे लोट निघतात. ती धग आमच्यापर्यंत पोचत होती. नंतर तो इकारस कोसळतो. धग काही स्क्रीनवर दाखवता येत नाही.

२०२२ च्या फेरीत तर त्यांनी शोच्या सुरुवातीला 'सेन्जुत्सू' अल्बमची तीन गाणी घेतली, त्यांच्यासाठी जपानी वाड्याचं वेगळं स्टेज लावलं, आणि त्यानंतर जुना लेगसीचा शो. वाईट इतकंच वाटतं की याचा अधिकृत व्हिडिओ नाही. मेक्सिको सिटीचा लाइव्ह अल्बम २०२० ला आला, पण तो फक्त ऐकायला.


खारघर_मेटल

कापडच. विषय संपला.


विंगेतला

मी मराठी नाटकाच्या नेपथ्यावर काम करतो. दादर, पार्ले, ठाणे, डोंबिवली, जिथे प्रयोग तिथे आमचा टेम्पो. मेडन शाळेपासून ऐकतोय. त्यामुळे या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो.

पडदा आणि एलईडी यांतला मूळ फरक उजेडाचा आहे. कापड उजेड घेतं, एलईडी उजेड देतं. कापडावर प्रकाशयोजनाकार ठरवेल तेवढंच दिसतं. निळा दिवा टाकला की त्यावरचा लाल रंग काळा पडतो, आणि दिवा बदलला की तोच लाल अंगावर येतो. एकाच चित्रातून दोन चित्रं काढता येतात. संगीत नाटकांच्या काळात गॅसबत्तीपुढे रंगवलेले राजवाडे आणि जंगलं प्रेक्षकांना खरी वाटायची, त्याचं कारण हेच. रंगवणाऱ्याला माहीत असायचं की कुठल्या उजेडात हे उघडणार आहे. मेडनचे पडदे नीट बघा. चेहऱ्यावरच्या सावल्या चित्रातच गडद रंगवलेल्या असतात, कडा जाड असतात. हातात घेऊन पाहिलं तर भडक वाटेल, शंभर फुटांवरून बरोबर दिसतं.

एलईडीची अडचण अशी की ती माणसाच्या मागे लावली तर माणूस काळा पडतो. मग त्याला समोरून जास्त दिवे मारावे लागतात. समोरचे वाढवले की स्टेजवरची खोली जाते, सगळं सपाट होतं. आणि डोळ्याचा स्वभाव आहे, सगळ्यात उजळ आणि सगळ्यात हलणारी गोष्ट तो आधी बघतो. नटाच्या मागे टीव्ही लावला तर लोक टीव्हीच बघणार. गिटारिस्ट डेव्ह मरे शांतपणे एका जागी उभा राहून सोलो वाजवतो. तो सोलो कापडापुढे दिसतो, एलईडीपुढे हरवतो.

पण त्यांनी हे का केलं असेल तेही मला कळतं. सतरा गाण्यांना सतरा पडदे म्हणजे तेवढे बार, तेवढ्या दोऱ्या, तेवढी माणसं, आणि त्यातला एक अडकला की पुढचं सगळं बिघडलं. उघड्या मैदानात कापड म्हणजे गलबताचं शीड आहे. वारा भरला की सगळं ट्रस (वरचा सांगाडा) ओढतं. आम्हाला एकदा एका उघड्या नाट्यगृहात नुसत्या झालरीने घाम फोडला होता. मेडनचा पडदा तर केवढा. एलईडीला मधून वारा जाऊ देणारी जाळीदार पॅनलं मिळतात, आणि गाणं बदलायला कुणाला वर चढावं लागत नाही.

म्हणून परळकर, मला विचाराल तर प्रश्न कापड की एलईडी असा नाही. स्टेजवर उभी राहणारी, वजन असलेली गोष्ट किती उरली आहे, हा आहे.


परळकर

विंगेतला, हे वाचून फार बरं वाटलं. डेव्ह मरेचं तर अगदी पटलं.

वजनाच्या गोष्टीवरून २००८ चं लिहितो. १ फेब्रुवारी २००८, बीकेसीचं एमएमआरडीए मैदान. 'समव्हेअर बॅक इन टाइम' टूरचा जगातला पहिला शो आपल्या मुंबईत झाला. ॲस्ट्रेयस एअरलाइन्सचं बोइंग ७५७, मागच्या भागातल्या खुर्च्या काढून तिथे सुमारे बारा टन सामान, आणि चालवायला ब्रूस स्वतः. पहिल्या फेरीत २१ शहरं, जवळजवळ ५०,००० मैल. म्हणजे विमानात मावेल तेवढंच स्टेज! एवढ्यात त्यांनी १९८४ चं इजिप्त परत उभं केलं. रॅम्पच्या पुढच्या बाजूला चित्रलिपी रंगवलेली, मधोमध ड्रम, आणि मागचे पडदे बदलत जातात.

मी ध्वनियंत्रणेच्या टॉवरच्या जरा पुढे, उजवीकडे होतो. शेवटाकडे 'आयर्न मेडन' गाण्याला ड्रमच्या मागून ममी एडी वर आला. आधी फक्त कपाळ दिसलं, पट्ट्या गुंडाळलेलं, मग डोळे, मग खांदे. तो एका दमात येत नाही, थांबून थांबून येतो, कारण कुणीतरी खालून त्याला खरोखर उचलत असतं. माझ्या शेजारी पुण्याहून आलेली कॉलेजची पोरं होती. गाणं चालू असताना ती गप्प झाली आणि नुसती वर बघत राहिली. वर्ल्ड स्लेव्हरीला ही ममी सुमारे तीस फुटी होती आणि डोळ्यांतून ठिणग्या उडायच्या. आम्ही ती फक्त कॅसेटच्या खोक्यावर आणि घासून गेलेल्या व्हिडिओ टेपवर पाहिलेली. ती बांद्र्यात समोर उभी राहिली.

ज्यांना हे पाहायचं असेल त्यांनी 'फ्लाइट ६६६' ही त्या टूरवरची डॉक्युमेंटरी बघा. त्यातलं 'एसेस हाय' मुंबईच्याच शोचं आहे.

आणि गर्दीबद्दल एक. शो संपल्यावर काळे टी-शर्ट घातलेली माणसं कुर्ला आणि बांद्रा दोन्हीकडे चालत निघाली होती, रिक्षा मिळणं अशक्य होतं, आणि सगळा रस्ता 'फिअर ऑफ द डार्क'ची धून गुणगुणत होता.


मीनल_ठाणे

इथे सगळे कापडाच्या बाजूने दिसताहेत, म्हणून दुसरी बाजू मांडते. २८ जून २०२५ ला मी लंडन स्टेडियमला होते.

एक गोष्ट कुणी लक्षात घेतलेली नाही. जूनच्या शेवटी लंडनमध्ये सूर्य नऊ वाजून गेल्यावर मावळतो. मेडन स्टेजवर आले तेव्हा लख्ख उजेड होता. विंगेतला म्हणतात तसं कापड दिलेला उजेड घेतं, पण वरून सूर्य उजेड देत असेल तर तुमच्या निळ्या-लाल दिव्यांना कोण विचारतो? अशा वेळी रंगवलेला पडदा म्हणजे वाळत घातलेलं कापड दिसतं. युरोपातल्या उन्हाळ्याच्या मैदानी शोंमध्ये पहिली पाच-सहा गाणी अशीच फिकी जातात. एलईडीमुळे पहिल्या मिनिटापासून शो भरलेला वाटला.

आणि त्यावर काय दाखवलं तेही बघा. सुरुवातीला 'आइड्स ऑफ मार्च' वाजत असताना स्क्रीनवर आपण पूर्व लंडनच्या जुन्या गल्ल्यांतून चालत जातो, पब, विटांच्या भिंती, आणि तिथून सरळ 'मर्डर्स इन द रू मॉर्ग'. हॅरिस लेटनस्टोनचा. लंडन स्टेडियम स्ट्रॅटफर्डमध्ये, तिथून हाकेच्या अंतरावर, आणि ते वेस्ट हॅमचं मैदान, ज्या क्लबवर त्याचा जीव आहे. ज्या गल्लीत बँड जन्मला ती गल्ली त्याच वस्तीतल्या हजारो लोकांना दाखवली. माझ्या शेजारी साठीच्या पुढचे एक इंग्लिश गृहस्थ होते, ते बोटाने पत्नीला काहीतरी दाखवत होते.

'राइम ऑफ द एन्शंट मरिनर'बद्दल तर मी भांडायला तयार आहे. तेरा मिनिटांच्या वर जाणारं गाणं, कोलरिजच्या कवितेवरचं, जहाज, वादळ, तहान, मेलेले खलाशी. एवढी सगळी गोष्ट एका स्थिर चित्रापुढे सांगायची? लंडनमध्ये ते जहाज लाटांवर चढत-उतरत होतं आणि गाण्याबरोबर गोष्ट पुढे सरकत होती. ज्या मुलांनी ती कविता कधी वाचली नसेल त्यांनाही काय घडतंय ते कळलं.

फोन खाली ठेवा अशी मॅनेजर रॉड स्मॉलवूडने टूरच्या आधी विनंती केली होती. आमच्या भागात बऱ्याच जणांनी ती पाळली. ते मात्र फार छान वाटलं.


तीनगिटार

मीनल, उजेडाचा मुद्दा मान्य. पण मग तो युरोपच्या उन्हाळ्याचा झाला, पडद्याचा नाही. मुंबईत फेब्रुवारीत साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, सातला अंधार. आपल्याकडे दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, तरीही अख्खा शो काळोखात बसतो. कापडासाठी याहून चांगलं शहर कुठलं?

'राइम'चं मात्र अजिबात पटलं नाही. त्या गाण्याचा मधला संथ भाग आठवा. बेस, गिटारची किणकिण, आणि लाकूड करकरल्यासारखा आवाज. 'लाइव्ह आफ्टर डेथ' या १९८५ च्या कॉन्सर्टच्या व्हिडिओत तिथे धूर पसरतो, निळसर उजेड, बाकी काही नाही. समुद्र आपण मनात उभा करतो. स्क्रीनवर समुद्र दाखवला की मनातला समुद्र संपला.


खारघर_मेटल

हॅरिसच्या गावात हॅरिसची गल्ली दाखवणं हे भारी आहे. मत बदलत नाही, पण हे भारी आहे.


लोअरपरेल_८७

मेडनबाहेरचं एक उदाहरण देतो, कारण त्याने हा वाद मला वेगळा दिसायला लागला.

१५ डिसेंबर २०१९, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, यूटू हा आयरिश बँड. त्यांचा भारतातला पहिला शो आणि 'जोशुआ ट्री' टूरचा शेवटचा. मागे २०० फूट रुंद, ४५ फूट उंच स्क्रीन. एवढी मोठी स्क्रीन म्हटल्यावर मी आधीच नाराज होतो. पण पहिली काही गाणी ते चौघे पुढच्या छोट्या स्टेजवर येऊन वाजवत राहिले आणि ती अवाढव्य भिंत मागे नुसती उभी होती. काही नाही त्यावर. मग मागे गेले, 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम'चा ऑर्गन सुरू झाला, आणि भिंत लाल झाली. त्या लालवर झाडाची काळी आकृती. मग अँटन कोर्बाइनचं चित्रण, वाळवंटातला रस्ता.

तो एक क्षण मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही स्टेजवरच्या क्षणापेक्षा मोठा आहे, आणि तो स्क्रीनने दिला. पण तो स्क्रीन बंद ठेवल्यामुळे मिळाला. मेडनची भिंत पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत चालू असते, माझी तक्रार तिथे आहे.


विंगेतला

लोअरपरेल, नाटकात आम्ही हेच करतो. पहिल्या अंकात एक दार बंद ठेवायचं, दुसऱ्यात उघडायचं.

मीनलताईंचा उजेडाचा मुद्दा मात्र मी माझ्या पोस्टमध्ये मांडायला हवा असा होता, तो त्यांनी फार नेमका मांडला. दिवसा उघड्यावर प्रयोग लावताना आम्ही रंगवलेले फ्लॅट नेतच नाही, उभे आकार नेतो. खांब, कमानी. कारण दिवसा रंग मरतो, पण आकाराची सावली पडते. मेडनने युरोपात दिवसा एलईडीऐवजी मोठे आकार उभे केले असते तर? लेगसीचा इकारस दिवसासुद्धा इकारसच दिसला असेल.

'राइम'बद्दल मी तीनगिटारच्या बाजूने. संथ भागात ते स्क्रीन पूर्ण काळी करू शकले असते. धूर तर आहेच हाताशी.


स्पिटफायर_अंबरनाथ

मी २००८ ला बालवाडीत होते, त्यामुळे तुमच्या बीकेसीबद्दल फक्त ऐकायचं. माझ्या आवडीचा अल्बम 'समव्हेअर इन टाइम'. त्या १९८६-८७ च्या टूरचं स्टेज इतकं कमी का दिसतं? फोटो सोडून काहीच सापडत नाही.


परळकर

स्पिटफायर, त्या टूरचा अधिकृत व्हिडिओ कधी आलाच नाही. स्टेज भविष्यातलं, अंतराळयानासारखं. हवेने फुगणाऱ्या मोठाल्या वस्तू होत्या, एडीचे प्रचंड पंजेसुद्धा. त्या प्रत्येक रात्री नीट फुगतीलच असं नव्हतं. ब्रूस अंगावर दिवे लावलेला पोशाख घालायचा. मला ती टूर मनापासून आवडते, कारण त्यांनी जोखीम घेतली. फुगलं नाही तर फजिती, फुगलं तर सगळं सभागृह उभं.

तुला त्या अल्बमचं स्टेज पाहायचं असेल तर २०२३-२४ च्या फ्यूचर पास्ट टूरच्या क्लिप शोध. 'हेवन कॅन वेट'मध्ये सायबॉर्ग एडी बंदूक घेऊन येतो आणि ब्रूस रॅम्पवरून त्याच्यावर तोफ डागतो. पडदे तेव्हा कापडीच होते. आणि 'अलेक्झांडर द ग्रेट' त्यांनी या टूरमध्ये पहिल्यांदाच प्रत्यक्ष वाजवलं, अल्बम आल्यावर सदतीस वर्षांनी.

त्या बंदुकीच्या प्रसंगाने माझं मत आणखी पक्कं झालं. एडी आधी पडद्यावर स्थिर असतो, मग तोच चालत बाहेर येतो. पाठीमागचं चित्र हलत नाही म्हणून समोर चालत आलेला एडी जिवंत वाटतो. मागे आधीच चार एडी उड्या मारत असतील तर पाचवा आल्याचं कुणाला काय?


मीनल_ठाणे

हा मुद्दा सगळ्यात चांगला आहे, परळकर. लंडनमध्येही एडी चालत आला तेव्हा लोक ओरडले, पण मी काही क्षण त्याला शोधत होते, कारण मागे बरंच काही चाललं होतं.

तरी मी 'राइम' सोडणार नाही. काळी स्क्रीन, धूर, हे जाणकारांसाठी. मागच्या स्टँडमध्ये, स्टेजपासून दीडशे मीटरवर बसलेल्या माणसाला धुरात काय दिसणार? त्याने तिकीट काढलेलंच आहे ना? स्टेडियम भरवायचं ठरवलं की त्याचा विचार करावाच लागतो. बार्कलेज सेंटर चारी बाजूंनी बंद, तिथला हिशेब वेगळा.


तीनगिटार

मागच्या स्टँडमधल्या माणसाचं पटलं. स्टेडियमसाठी स्क्रीन, बंद सभागृहासाठी कापड, असं त्यांनी केलं तर मी समाधानी होईन. मध्यंतरी एकच स्टेज दोन्हीकडे फिरवायचं म्हणून दोन्ही गोष्टींचं नुकसान होतं.


लोअरपरेल_८७

पण मुंबईत बंद सभागृह कुठे आहे एवढं? इथे मेडन आणायचे तर पुन्हा मैदानच. बीकेसी, नाहीतर महालक्ष्मी रेसकोर्स, नाहीतर नेरूळ. २०२५ च्या मे महिन्यात गन्स अँड रोझेस रेसकोर्सवर झाले, म्हणजे ती जागाही आता चालते.


विंगेतला

रेसकोर्स समुद्राजवळ. कापड लावायचं तर वाऱ्याचा हिशेब आधी. मागे जाळी, खाली वजनं, आणि पडदा घडी करून खाली सोडायचा, वर ओढायचा नाही. होऊ शकतं. फेब्रुवारीत वारा फार नसतो.


परळकर

इतकं बोलल्यावर सलग बघायलाच हवं. येत्या रविवारी दुपारी तीनला माझ्याकडे परळला या. आधी 'लाइव्ह आफ्टर डेथ', लाँग बीच १९८५. मग 'फ्लाइट ६६६'. त्यानंतर मीनल यांनी लंडनचं जेवढं चित्रण केलं असेल ते, आणि 'राइम' आपण तिन्ही काळांतलं लागोपाठ लावू. तीनगिटार, ब्रुकलिनच्या क्लिप पेनड्राइव्हवर घे. स्पिटफायर, अंबरनाथहून यायचं तर फास्ट लोकलने दादरला उतर, तिथून स्लो पकडून परळ. स्टेशनवर कुणीतरी घ्यायला येईल. संख्या कळवा, जेवणाचं घरी सांगायचं आहे.


मीनल_ठाणे

येते. फोन खाली ठेवला होता म्हणून माझ्याकडे 'राइम'चं काही नाही, पण बरोबर आलेल्या मैत्रिणीने तो भाग घेतला आहे. तिच्याकडून मागवते.


खारघर_मेटल

मी आणि भाऊ, दोघे.